चौपन्नावी मूठ

माझं शिक्षण दुसरीपर्यंत, आणि त्या दुसरीतलंही अर्धं वर्ष शेण थापण्यात गेलं. तरी राघोला आलेला तो कागद हातात घेतला तेव्हा मला एवढं कळलं, की ह्यात तीन रकाने आहेत आणि तिसऱ्या रकान्यात आमच्या राघोचं नरडं अडकलेलं आहे.

राघो माझा धाकटा दीर. मी ह्या घरात नांदायला आले तेव्हा तो तीन वर्षांचा होता, नाक गळणारा, बिनआईचा. त्याला मी भरवलं, बडवलं, मुरबाडच्या शाळेत धाडलं, आणि पुढे मुंबईच्या कॉलेजात निघाला तेव्हा ट्रंकेत तांदूळ आणि सुकटाची चटणी मीच भरली. तो मला वहिनी म्हणतो. त्याचं ऐकून सगळा गाव वहिनी म्हणतो, माझ्याहून थोरले बापयेसुद्धा. मी त्याला राघो म्हणते. रागावले की भावजी म्हणते, आणि मग घरातले सगळे गप्प बसतात.

कॉलेजात तो झाडापेडांचं शास्त्र शिकवायचा, पण नोकरी हंगामी. खरं काम करायचा ते आमच्या शेतात. धसईपासून कोसभरावर आमचं गाव. तिथल्या वरच्या चार खाचरांत त्याने सहा वर्षं हळव्या भाताच्या, म्हणजे लवकर येणाऱ्या भाताच्या, लोंब्या निवडल्या. एकेका लोंबीची वेगळी ओळ, ओळीला काठी, काठीला नंबर. सुट्टी लागली की हा बांधावर. गावातले म्हणायचे, वहिनीचा दीर एवढा शिकला आणि भाताची हजेरी घेतो. सहाव्या वर्षी सतरा नंबरची ओळ एकटी उभी राहिली. वारा सुटून बाकीचं सगळं लोळलं, ही लोळली नाही. दाण्याच्या टोकाला जांभळा ठिपका. त्याच्यावर राघोने निबंध लिहिला आणि तो मुंबईच्या एका मासिकात छापून आला. असे त्याचे सगळे मिळून चार निबंध. त्या ओळीचं बी गेली चार वर्षं मी मागेल त्याला देत होते.

एकोणचाळीस साल होतं, तिकडे लढाई सुरू झाली होती. राघोच्या कॉलेजात संशोधनाची पक्की जागा निघाली. जागा एक आणि मागणारे दोन. एक आमचा, दुसरे एक पंडित, जुने ताम्रपट वाचणारे. दोघांना कॉलेजच्या निवड मंडळाने तोच कागद पाठवला होता.

मी ओटीवर बसले आणि म्हटलं, "वाच. हळू वाच."

"पयल्या रकान्यात निबंधाचं नाव," राघो म्हणाला. घरी आला की तो आमच्यासारखाच बोलतो. "दुसऱ्यात पानं. तिसऱ्यात, किती विद्वानांनी आपल्या लेखात आपलं नाव घेऊन आपलं काम वापरलं."

"तुजं किती?"

"दोन."

"त्या पंडिताचं?"

"एकतीस."

"आनि त्या दोगांनी काय लिवलंय तुज्याबद्दल?"

"एकानं चांगलं म्हटलंय. दुसरा म्हनतो माझं चुकलं."

सुंदरा, राघोची बायको, समोर सूप घेऊन बसली होती. मान वर न करता म्हणाली, "म्हंजे दीडच धरा."

राघो हसला. मी हसले नाही. "जागा नाय मिळाली तर?" मी विचारलं.

"फाल्गुनात कॉलेजातली मुदत संपते. शहापूरला लाकडाच्या वखारीत कारकून पायजे. बोलून ठेवलंय."

"आनि खाचरं? त्या काठ्या?"

"काठ्या चुलीत घाला वहिनी. खाचरात नुसतं भात लावायचं. सगळे लावतात तसं."

हे त्याने अगदी सहज सांगितलं, आणि तिथेच मी ठरवलं, की हा माणूस वखारीत ओंडके मोजायला जाणार नाही. ज्याने सहा वर्षं लोंब्या मोजल्या त्याला मोजायला हे कोण बसलेत ते तरी बघू.

"मला एक सांग," मी म्हटलं. "तुजं बी ज्यांनी पेरलं, त्यांना लिवता येतं का?"

"कुठलं येतंय."

"मग ते तिसऱ्या रकान्यात येनार कसे?"

"येत नायत. तीच तर गोष्ट."

"ताम्रपट वाचनारे सगळे लिवनारे. एक वाचतो, दुसरा त्याच्यावर लिवतो, तिसरा त्या दोगांवर लिवतो. आपल्या भातावर मानसं लिवत नायत रे, जेवतात. म्हनून त्यांनी घेतलंच नाय असं कसं?"

राघोने कागदाची घडी घातली. "बरोबर हाय. पन मंडळाला पुरावा लागतो, वहिनी."

मी वर बघितलं. आढ्याला माझा पुरावा टांगलेला होता.

आमच्या गावात बी विकत नाहीत. मागितलं की द्यायचं, पण एका अटीवर. पीक निघालं की नेणाऱ्याने नव्या भाताची एक मूठ आणून द्यायची, आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून खरं काय झालं ते बोलायचं. चांगलं आलं तर चांगलं, पडलं तर पडलं. तिला आम्ही बोलकी मूठ म्हणतो. त्या मुठीशी जो खोटं बोलेल त्याचं बी पुढल्या वर्षी रुजत नाही, अशी समजूत. आणि मूठ आणली नाही तर त्या घराला पुन्हा दाणा नाही, हा माझा कायदा. प्रत्येक मूठ मी पेंढ्यात गुंडाळून तिची लहानशी मुडी बांधते. चांगल्या बोलाला एक गाठ, वाईट बोलाला दोन. मुडी कोणाची ते मला पेंढ्याच्या पिळावरून कळतं. हे शिकायला शाळा लागत नाही.

सतरा नंबरच्या एकसष्ट मुड्या होत्या. सगळ्या काढून ओटीवर मांडल्या. राघोने दोन-चार उचलून बघितल्या आणि तो मास्तरकीवर आला.

"ह्यात तुमच्या माहेरच्या किती?"

"नऊ. का?"

"काढा. सुंदराच्या माहेरच्या?"

"पाच."

"काढा. आनि तुमच्या लेकीच्या सासरच्या?"

"तीन. त्या पन काढू? माजी व्याहीन मला चांगलं म्हनायची नाय कदी, तिनं भाताला म्हटलंय."

"काढा वहिनी. सोयरे सोयऱ्यांना वाखानतात, ते मंडळ धरायचं नाय."

एकसष्टातून सतरा गेल्या, उरल्या चव्वेचाळीस. राघोने मंडळाच्या चिटणीसांना पत्र लिहिलं. उत्तर आलं ते चार ओळींचं: पौषात मी शहापूरला एका बक्षीस समारंभाला येणार आहे, साक्षीपुरावा असल्यास डाकबंगल्यावर पाहीन, ऐकीव काही घेणार नाही.

ऐकीव घेणार नाही हे मला आवडलं. मीही घेत नाही.

आता मला एक नाव आठवलं. आमच्या शेजारची ठकी लग्न होऊन खर्डीकडे गेली, तेव्हा तिच्या ओटीत मी पायलीभर सतरा नंबर घातलं होतं. तीन सुगी झाल्या आणि तिची एक मूठ नाही. खर्डी लांब, हे खरं. पण कायदा तो कायदा. मी आमच्या घरच्यांना, म्हणजे राघोच्या थोरल्या भावाला, गाडी जुंपायला लावली, सुंदराला बरोबर घेतलं, आणि वाटेत एक मुक्काम करून ठकीच्या दारात उतरले.

ठकीच्या खळ्यावर रास पडली होती. मी आधी दाणा बघितला, मग ठकीला. टोकाला जांभळा ठिपका. जीव निवला. तेवढ्यात शेजारची एक बाई आली, बाईजा तिचं नाव, आणि म्हणाली, "ठके, ह्या साली मला पन दे गो तुज्या भाताचं बी."

"कुनाच्या भाताचं?" मी विचारलं.

"ठकीचं भात. तुमाला ठावं नाय? नऊ घरांत हाय आमच्याकडं."

ठकी बाजूला उभी राहून गोड हसत होती. कानामागून आली आणि तिखट झाली. बाईजा गेल्यावर मी पदर खोचला.

"ठके, हे बी तुज्या बापाचं का गो?"

"नाय वहिनी. तुमचंच. मी कुटं नाय म्हनते?"

"मग ठकीचं भात कोन म्हनतंय?"

"लोक. मी दिलं म्हनून म्हनतात. मी कुनाकुनाचं तोंड धरू?"

"तोंड नको धरू. नाव सांगायचं. ती बोलत होती तवा हसत उभी ऱ्हायलीस ती?"

ठकी लाजली नाही. आमच्याच आळीत वाढलेली पोरगी, लाजेल कुठली. "तुमी सांगितलंत का कदी?" ती म्हणाली. "धसईच्या बाजारात वहिनीचं भात म्हनतात ते तुमाला ऐकू येत नाय का? सहा वरसं काठ्या कोन रोवत होता? आमी पोरी बांधावरून बगायचो की. तुमी तर वरच्या खाचरात पाय पन टाकत नव्हता. जळवा हायत म्हनायच्या."

सुंदराला त्याच वेळी खोकला आला. मला तो खोकला ओळखीचा आहे.

मी खोचलेला पदर सोडला. माझ्या आयुष्यात असं तीनदा झालं असेल. कारण ती बोलली ते खरं होतं. बी ज्याच्या हातून येतं त्याचं नाव त्याला लागतं, ही आमच्याकडची रीतच. धसईला पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं, वहिनीचं भात आलंय बाजारात, तेव्हा मी भाजीच्या पाट्या बघत उभी होते, आणि कानाला ते गुळासारखं लागलं. मी मान हलवली. पुढच्या बाजाराला मुद्दाम त्याच आळीतून गेले. चार वर्षं मी मान हलवत होते.

ठकीकडून तिची मूठ घेतली. तिला नऊ घरं फिरवून नऊ मुठी गोळा करायला लावल्या आणि बोल माझ्या कानांनी ऐकले. सगळ्यांनी ठकीचं भात म्हटलं. चव्वेचाळीस आणि दहा, चौपन्न झाल्या. पण चौपन्न मुठींत राघोचं नाव एकीतही नव्हतं. मंडळाला हवं होतं नाव.

परतीच्या गाडीत सुंदरा म्हणाली, "बाई, असं करू. घरोघर जाऊन सांगू, विचारलं तर ह्यांचं नाव घ्या म्हनून."

"मी पन तेच मनात घोळवतेय," मी म्हटलं, आणि खोटं कशाला बोलू, घोळवतच होते. पंचवीस घरांना एका दिवसात पढवण्याची माझी ताकद आहे.

घरी आल्यावर राघोला सगळं सांगितलं. ठकीचं बोलणंही सांगितलं, जळवांसकट.

"तुला ठाऊक होतं? बाजारात काय म्हनतात ते?"

"होतं की."

"मग चार वरसं बोलला का नाय, भावजी?"

त्याने चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसला. "तुमी खूश होता वहिनी," तो म्हणाला.

त्या रात्री सुंदराला बाजूला करून त्याला मी स्वतः वाढलं. मग तो म्हणाला, "पढवायचं नाय कुनाला. एक पढवलेली मूठ सापडली तर बाकीच्या त्रेपन्न खोट्या."

"नाय पढवत," मी म्हटलं. "जसं हाय तसं नेऊ. नावाचं मी बगते."

पौषात शहापूरला गेलो. मी, राघो, आणि खर्डीहून आलेली ठकी. टोपलीत चौपन्न मुड्या, आणि दुसऱ्या टोपलीत मी काही माझं म्हणून घेतलं होतं. डाकबंगल्याच्या ओटीवर चिटणीस बसले होते. म्हातारा माणूस, गणित शिकवणारा, चेहरा वहीच्या पानासारखा. राघोला त्यांनी लांब बसायला सांगितलं. ते बरोबर केलं.

"ह्या कोणाच्या साक्षी?" त्यांनी विचारलं.

मी एकेक मुडी मांडत गेले. गाव, घर, किती बी नेलं, काय बोलले. ते मधूनच कुठलीही मुडी उचलायचे, पाठीमागे घालायचे, परत पुढे करून विचारायचे, ही कोणाची? मी सांगायची. सहा वेळा त्यांनी केलं. सातव्या वेळी थांबले.

"हिला दोन गाठी आहेत. अशा पाच दिसतात."

"त्यांचं पडलं. सखल खाचरात लावलं, पानी साठलं, कुजलं."

"मग ह्या कशाला आणल्या?"

"पेरलं तर त्यांनी खरं ना? राघोच्या त्या दोन विद्वानांतला एक म्हनतो चुकलं. त्याला तुमी धरलात. मग ह्यांना पन धरा."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग राघोचा निबंध काढला, त्यातलं वाचलं, दाण्याच्या टोकाला जांभळा ठिपका, आणि भिंगातून दहा-बारा मुड्यांतला दाणा तपासला. "दाणा तोच आहे," ते म्हणाले. "पण बाई, तुम्ही सांगता त्यात कोणी वहिनीचं भात म्हणतं, कोणी ठकीचं. निबंधकर्त्याचं नाव कुठे आहे?"

ठकीने माझ्याकडे बघितलं.

"वहिनी मीच," मी म्हटलं. "खाचरात मी पाय टाकला नाय. लोंबी निवडली नाय, काठी रोवली नाय. मी नुसतं दिलं. लोकांनी माजं नाव लावलं, मला बरं वाटलं, मी लावू दिलं. ह्या ठकीला माज्याकडून मिळालं, तिकडं तिचं नाव लागलं. रीत हाय आमची ती, पन ह्या कामाला वाईट. माजं नाव गीताबाई. तुमी लिवा, की गीताबाई म्हनते भात राघोचं हाय. ही मूठ घेऊन म्हनते."

आणि मी माझ्याच घरची मुडी उचलून उंबऱ्याबाहेर उभी राहिले, उन्हात, आणि हेच परत म्हटलं. डाकबंगल्याचा शिपाई बघत होता. बघू दे.

चिटणीसांनी ते वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाले, "समजा चौपन्न. तरी त्या पंडितांचे एकतीस उल्लेख विद्वानांचे आहेत. ते आणि हे एकाच मापाने कसे मोजू?"

ह्याचीच मी वाट बघत होते. दुसऱ्या टोपलीतून दोन पायल्या काढल्या. एकीत काठोकाठ भात, एकीत काठोकाठ तांदूळ.

"माप एक हाय ना? उचला."

त्यांनी उचलल्या. "तांदूळ जड."

"म्हनून भात खोटं का? भाताला टरफल असतं. एका पायलीत त्याचं वजन तेवढंच भरनार. तुमी भाताची पायली तांदळाच्या पायलीशी लावलीत आनि भाताला म्हनता तू हलका. ते पंडित वाईट नसतील. त्यांना ताम्रपटवाल्यांशी लावा, बगा सगळ्यांत ते किती भरतात. आमच्याला भातवाल्यांशी लावा. मग कोन किती वर हाय ते दोगांचं बगा."

"भातावर लिहिणाऱ्यांचे उल्लेख सहसा किती होतात?" त्यांनी राघोला लांबूनच विचारलं.

"बहुतेकांचा एकही नाही, सर."

"हं," ते म्हणाले. एवढंच. चहा मात्र त्यांनी आम्हाला पाजला, आणि पायल्या परत देताना तांदूळ कुठला म्हणून विचारलं. सतरा नंबरचाच, मी म्हटलं, न्या. त्यांनी नेला नाही. निकालाआधी घेत नाही म्हणाले. तेव्हा माझी खात्री पटली, की हा माणूस हरवेल तर सरळ हरवेल.

पुढे कळलं, त्यांनी सात गावांच्या मास्तरांना पत्रं लिहून माझी सात घरं तपासली होती. एक दोन गाठींचं घरही त्यात होतं.

माघ संपता संपता पत्र आलं. राघोने ओटीवर उभ्यानेच वाचलं. प्रत्येकाला त्याच्याच विषयातल्या लोकांशी ताडून बघितलं, असं त्यात होतं. पंडितांचे एकतीस त्यांच्या विषयात मधलेच निघाले, राघोचे दोन भातवाल्यांत सगळ्यांच्या वर. आणि कागदाला चौथा रकाना पाडला होता: प्रत्यक्ष उपयोग, साक्षीसह. जागा राघोला, पण तीन वर्षांसाठी. तीन वर्षांनी परत मोजणार.

"मोजू दे," मी म्हटलं. "काठ्या चुलीत नाय घातल्या ते बरं झालं. चौथ्या रकान्यात किती लिवलेत?"

"त्रेपन्न."

"त्रेपन्न कसे? मी चौपन्न दिल्या. म्हाताऱ्याला गनित येत नाय."

"येतं वहिनी. एक काढलीय त्यांनी."

"कुटली?"

"तुमची. आपल्या घरची." तो आता मोकळा हसत होता. "सोयरे धरायचे नायत म्हनून मीच नव्हतं का सांगितलं? ह्या घरातली मूठ मी कशी विसरलो कुनास ठाऊक."

सुंदरा सुपामागून म्हणाली, "उन्हात उभ्या ऱ्हाऊन बोललेली ती?"

"तीच," राघो म्हणाला.

मला दोन क्षण राग आला. मग मी ती मुडी घेतली, जिला मंडळाने धरलं नव्हतं, आणि आढ्याला सगळ्यांच्या पुढे टांगली. एक गाठ मारून.

आता सुगी झाली की बायका मुठी घेऊन येतात, आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहून म्हणतात, वहिनी, तुमचं भात बेस आलं. मी हात पुढे करत नाही. "कुनाचं?" म्हणते. एक-दोनदा चुकतात, मग आठवतं. राघोचं नाव घेतल्यावर मूठ घेते. ठकी तेवढी दर वर्षी खर्डीहून येते आणि मुद्दाम म्हणते, ठकीचं भात बेस आलं. तिला मी तिथेच उन्हात उभी ठेवते. बाकी सगळ्या येऊन जातात, ती उभी असते, मी कांडण घेऊन बसते, आणि आम्ही दोघी बघतो कोण आधी दमतं ते.